मंत्रिमहोदय, त्या 2 लाख 5 हजार 499 मुलींमध्ये माझी मुलगी कितवी?

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी घणसोलीला राहतो. पावण्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात टर्नर आहे, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातून सुटे भाग घडवतो. लेथसमोर उभं राहून 31 वर्षं झाली. मोठी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

गेल्या सोमवारी कॉलेजने तिला हॉल तिकीट दिलं नाही. गुरुवारी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा पेपर होता. खिडकीवर म्हणाले, फी बाकी आहे. ती म्हणाली, सर, मुलींना माफ आहे ना? त्यावर उत्तर आलं, "सरकारने आम्हाला दिले की आम्ही तुला परत करू. तोवर भर." सकाळी दहापासून ती तिथे उभी होती. चारला खिडकी बंद झाली. मी शेठकडून 40 हजार उचल घेतली, 22 हजार पतपेढीतून काढले आणि बुधवारी भरले. संध्याकाळी साडेपाचला हॉल तिकीट हातात पडलं. त्या रात्री ती बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढत होती आणि शेजारी बसून मी उचलीचे हप्ते मांडत होतो.

साहेब, फी माफीचं मी स्वप्नात ऐकलेलं नाही. जून 2024 च्या अर्थसंकल्पात ते सांगितलं गेलं, 8 जुलैला शासन निर्णय निघाला. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं. माझा पगार महिन्याला 22 हजार. वर्षाचे होतात 2 लाख 64 हजार. माझ्यासारखे तीन बाप एकत्र बांधले तरी तुमचे 8 लाख भरत नाहीत. ओबीसीचे सगळे दाखले आहेत, अर्ज पहिल्याच वर्षी भरलाय. अर्थसंकल्पात आकडा होता 2 लाख 5 हजार 499 मुलींचा. शेवटचे 499 सुद्धा मोजलेत म्हणजे यादी असणारच कुठेतरी. ती बघून माझी मुलगी कितवी तेवढं सांगा. की ती 500 वी आहे?

पावतीवर 9 हजार रुपये "विकास शुल्क" आहे. ते माफीत बसत नाही म्हणे. बरं, नसू दे. पण विकास कशाचा, हे मी डोळ्यांनी बघून आलोय, म्हणून पुढचं लिहितो.

पहिल्या वर्षाला तिने वर्कशॉपचा जॉब, म्हणजे लेथवर कातायचा नमुना, घरी आणला होता. एका टोकाला नर्लिंगची खरखरीत जाळी, मध्ये निमुळता टेपर, दुसऱ्या टोकाला स्क्रूसारखे आटे. मी हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला. कार्बाइड टूलची चकाकी, चॅटरची, म्हणजे टूल थरथरल्याची, एक रेघ नाही. शिकाऊ पोराच्या हातून असा जॉब उतरत नाही, माझ्या हातून उतरायला चार वर्षं लागली होती. मी म्हटलं, हा तू केलेला नाहीस. तिने मान खाली घातली. "सगळ्यांनीच घेतला, बाबा. 300 रुपयांना मिळतो. बाहेरून करून आणतात." विचारलं, आटे पाडताना हाफ-नटचा, म्हणजे टूल ठरल्या गतीने पुढे सरकवणाऱ्या नटचा, दांडा कधी ओढलायस का? म्हणाली, "फळ्यावर काढला होता." टर्नरची पोरगी, आणि तिने विकतचा जॉब सबमिट केला. त्या रात्री मी जेवलो नाही. तिच्यावर रागावून नाही.

नंतर पालकसभेला गेलो तेव्हा वर्कशॉप बघून घेतलं. सहा लेथ, चालू दोन. एकाचा हाफ-नट इतका झिजलाय की आटे पाडायचा प्रश्नच नाही. दुसऱ्याला चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याची, चावी नव्हती. विचारलं तर कळलं, चावी कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे आणि सर रजेवर. एका वर्गात 60 मुलं. करा हिशोब, एका लेथमागे किती.

तुम्ही म्हणाल, फीचा विषय सोडून हा कुठे निघाला. विषय एकच आहे, साहेब. 1962 ला एमआयडीसी झाली, तिची पहिली वसाहत आमच्या ठाण्याची वागळे इस्टेट. माझे वडील तिथे फिटर होते. मी रबाळ्याच्या ज्या कंपनीत लागलो ती बंद पडली, आता त्या प्लॉटवर डेटा सेंटर उभं राहतंय. दारात चार वॉचमन, आत थंड हवा आणि दिवे. 2014 ला तुमच्याच लोकांनी मेक इन इंडियाचा सिंह दाखवला, त्याच्या अंगभर दातेरी चाकं. मी गाळ्यात गिअर कापतो म्हणून विचारतो, ती चाकं कापणार कोण? एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2024 ला शाखेच्या जागांवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉलेजं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवत सुटलीयत. मुलीच्या कॉलेजात मेकॅनिकलचा एक वर्ग त्यांच्याकडे गेलाच. खडू-फळ्यावर चालतं ना ते, लेथ लागत नाही, कुलंट लागत नाही, तेलाचे डाग पडत नाहीत. कॅम्पसला येतात त्याही सॉफ्टवेअरवाल्याच कंपन्या. म्हणजे पोरीने थर्मोडायनॅमिक्स घोकायचं आणि शेवटी ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत पास गळ्यात घालून बसायचं. नातेवाईक मला तेच सांगत होते, मुलीला मेकॅनिकल कशाला? मीच हट्ट केला. आता घरी कोणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

मागणं फार नाही. विकास शुल्काचे 9 हजार सोडून माझे 53 हजार परत मिळावेत. व्याज नको, शेठ घेत नाही, पतपेढीचं मी बघतो. फी बाकी म्हणून कुठल्याही मुलीचं हॉल तिकीट अडवू नये असं लेखी द्या, आणि ते कागदाच्या पलीकडे खिडकीतल्या माणसापर्यंत पोचलं का, तेही कोणीतरी बघा. भाषणात सांगू नका, भाषण आम्ही 2024 ला ऐकलंय.

आणि जमलं तर एखाद्या शनिवारी त्या वर्कशॉपला या. शनिवारी मला सुट्टी काढता येते. चकची चावी मी माझी घेऊन येईन.

आपला,
एक टर्नर, घणसोली