यादीतून क्रमांक का सुटतात?

संपादक महोदय,
स. न.

हमीभावाने सोयाबीन विकण्यासाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची यादी आमच्या भागातील एका खरेदी केंद्राच्या फलकावर लागली आणि ४१२ नंतर थेट ४१५ आलेला पाहून ‘मधले दोघे कुठे गेले’ अशी कुजबुज सुरू झाली. पतसंस्था आणि आडत दुकानांना नोंदींचे सॉफ्टवेअर करून देणे हाच माझा व्यवसाय असल्याने याबाबत दोन शब्द लिहावेसे वाटतात. केंद्रांवर सारे आलबेल असते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण सुटलेला क्रमांक हा गैरप्रकाराचा पुरावा ठरत नाही.

नोंद साठवायला घेताच डेटाबेस (नोंदी साठवणारी प्रणाली) तिला पुढचा क्रमांक आपोआप देतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे काम ‘ऑटो इन्क्रिमेंट’ ही सोय करते, पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये ‘सीक्वेन्स’. त्यानंतर बँक खाते जुळले नाही, तेच नाव दुबार निघाले किंवा साठवण पूर्ण होण्याआधीच वीज गेली (याचे उदाहरण आपल्याकडे शोधत बसावे लागत नाही), तर नोंद रद्द होते. क्रमांक मात्र परत घेतला जात नाही. ही चूक नसून जाणूनबुजून केलेली रचना आहे, कारण तो परत घ्यायचा म्हटला, तर एका खिडकीवरची नोंद पक्की झाली की फसली हे कळेपर्यंत बाकीच्या सगळ्या खिडक्यांना खोळंबून राहावे लागेल.

खंड नको म्हणून काही प्रोग्रामर ‘शेवटचा क्रमांक बघा आणि त्यात एक मिळवा’ असा घरगुती उपाय करतात, तो गर्दीत टिकत नाही. दोन ऑपरेटरांनी एकाच क्षणी ४१४ वाचला, तर दोघांनाही ४१५ मिळतो. दुबार क्रमांक नाकारण्याचे बंधन घातलेले असेल तर एकाची नोंद फेटाळली जाते, नसेल तर एकाच क्रमांकाचे दोन धनी होतात. त्याहून वाईट म्हणजे, शेवटची नोंद कोणी पुसली की तोच क्रमांक पुढच्या माणसाला जातो आणि पहिल्याच्या हातातल्या पावतीवर दुसऱ्याचेच नाव निघते. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ऑटो इन्क्रिमेंट असूनही हे घडू शकत असे.

सलग क्रमांक जिथे खरोखरच लागतो, तिथे तो असावाच. जीएसटीच्या नियम ४६ नुसार बीजकाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. तो व्यवहार पक्का होताना, वेगळ्या रकान्यात द्यावा. आणि पावतीपुस्तकात ‘रद्द’ लिहून मूळ प्रत स्थळप्रतीलाच जोडून ठेवतात, तसे रद्द बीजक नोंदीतच राहू द्यावे. डेटाबेसचा अंतर्गत क्रमांकच बीजकाला चिकटवून मोकळे होणे हा निव्वळ आळस आहे आणि तपासणीच्या वेळी तो व्यापाऱ्याला निस्तरावा लागतो.

मालाची पाळीही या क्रमांकावरून ठरवू नये. प्रत्येक खिडकीसाठी क्रमांकांचा वेगळा गठ्ठा आधीच उचलून ठेवण्याची सोय वापरलेली असली, तर सकाळच्या नोंदीला मोठा आणि दुपारच्या नोंदीला लहान क्रमांक मिळू शकतो. म्हणून केंद्रांनी फलकावरील यादीत नोंदणीची तारीख आणि वेळ छापावी, तसेच फसलेल्या नोंदी कारणासह वेगळ्या दाखवाव्यात. डेटाबेसमधला व्यवहार (एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी साठवण) रद्द झाला की त्याच्या खुणाही पुसल्या जात असल्याने असे कारण स्वतंत्र व्यवहारात लिहून ठेवावे लागते. ही मागणी सॉफ्टवेअर करून घेतानाच करारात घालावी, अशी खरेदी यंत्रणेला विनंती आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, लातूर