पेनांगमध्ये आधी टेबलाचा नंबर बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या तोंडावर आल्या की पर्यटन पुरवण्यांतून ‘खिशाला परवडणारा आशिया’ सुरू होतो. बघण्याच्या जागा, हॉटेलांचे दर, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘स्थानिक पदार्थांचा आस्वाद जरूर घ्यावा.’ तो घ्यायचा कसा, हे मात्र कुणी लिहीत नाही. मग माणसं समुद्र ओलांडून जातात आणि तिन्ही त्रिकाळ पंजाबी थाळी खाऊन येतात. तिकडे ती स्थानिक जेवणाच्या दुप्पट-तिप्पट पडते आणि फारशी बरीही नसते.

मलेशियातलं पेनांगच घ्या. तिथलं जॉर्ज टाऊन शहर 2008 पासून मलाक्का या दुसऱ्या शहरासह जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मलेशियाचे लोक स्वतः तिथे जातात ते जेवायला. खाणं मिळतं कोपितियाममध्ये, म्हणजे एक छप्पर, पंधरा-वीस टेबलं आणि कडेने खाण्याच्या सात-आठ गाड्या. जागेचा मालक बहुधा फक्त चहा-कॉफी आणि सरबतं विकतो, गाड्या त्याच्याकडे भाड्याने असतात. एवढं कळलं की पुढचं आपोआप उलगडतं. पेय मालकाच्या माणसाकडूनच घ्यायचं. बाहेरची बाटली टेबलावर मांडली की त्याच्या कपाळाला आठी पडते. काहीच प्यायलो नाही तर काही ठिकाणी माणशी 50 सेन ते 1 रिंगिट लावतात, त्याला लूट म्हणू नये; ते बसण्याचं भाडं आहे. (रिंगिट हे तिथलं चलन, साधारण वीस-बावीस रुपयांचं, पण दर बदलत राहतो; 100 सेनचा एक रिंगिट.)

रीत अशी की आधी टेबल धरायचं आणि त्यावरचा नंबर बघायचा. मग हव्या त्या गाडीपाशी जाऊन पदार्थ, लहान की मोठी प्लेट आणि टेबलाचा नंबर सांगून परत येऊन बसायचं. पदार्थ आला की तिथल्या तिथे पैसे द्यायचे, प्रत्येक गाडीचे वेगळे. शेवटी एकत्र बिल येईल म्हणून बसून राहू नये, ते येत नाही. 1, 5 आणि 10 च्या नोटा जवळ ठेवाव्यात. 8 रिंगिटच्या प्लेटला 100 ची नोट काढली तर गर्दीच्या वेळी गाडीवाला तोंडावर नाराजी दाखवतो. आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांची हमखास होणारी चूक म्हणजे तीन टेबलं जोडायची आणि तिघांनी तीन वेगवेगळे नंबर सांगायचे. पदार्थ फिरत राहतात, गार होतात, कधी दोनदा येतात. अख्ख्या घराने एकच नंबर सांगावा.

कॉफीची भाषा पाच मिनिटांत येते. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली, आपल्या जिभेलाही गोड लागणारी कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे साखरेची काळी, ‘कोपी-ओ कोसोंग’ बिनसाखरेची काळी. पुढे ‘पेंग’ लावलं की बर्फ. ‘कुरांग मानिस’ म्हणजे गोड कमी. मधुमेही मंडळींनी हे दोन शब्द पासपोर्टासोबत न्यावेत. पार्सलला ‘बुंगकुस’ किंवा ‘तापाव’ म्हणतात.

वेळेचा हिशोब चुकला तर मात्र उपास घडतो. न्याहारीच्या गाड्या सातला लागतात आणि बाराच्या आत बऱ्याचशा आवरतात. रात्रीच्या गाड्या पाच-सहानंतर उघडतात. दुपारी अडीच ते पाच या वेळेत नावाजलेल्या गल्लीत गेलात तर उलट्या घातलेल्या खुर्च्या दिसतील. शिवाय प्रत्येक गाडीचा आठवड्याचा सुट्टीचा वार वेगळा. ‘अमुकच गाडीवर खायचं’ असा हट्ट धरण्यापेक्षा जिथे शाळेच्या गणवेशातली मुलं आणि म्हातारी माणसं रांगेत दिसतील तिथे उभं राहावं.

‘चार कोय तियाव’ हा तिथला मानाचा पदार्थ. तांदळाच्या पिठाच्या चपट्या, रुंद शेवया, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड आलेले मूग आणि लसणीची पात, सगळं रसरसत्या आचेवर दोन-तीन मिनिटांत परतलेलं. चांगला गाडीवाला एका कढईत एक, फार तर दोन प्लेटा करतो. चार एकदम घातल्या तर कढई गार पडते, मुगाच्या मोडांना पाणी सुटतं आणि शेवया परतल्या जाण्याऐवजी शिजून लगदा होतात. म्हणून रांग लांब असते आणि म्हणूनच ती रांग शुभ लक्षण आहे. दर 8 ते 10 रिंगिट. चिनी गाडीवर तो बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत होतो; ती नको असेल तर मुसलमान गाडीवाल्याकडे हलाल पाटी बघून घ्यावा. शिंपल्या मुद्दाम अर्धवट ठेवतात, त्यांचा लाल रस तसाच असतो. पोट नाजूक असेल तर ‘ताक माऊ केरांग’, शिंपल्या नकोत, असं आधीच सांगावं.

आता शाकाहाऱ्यांबद्दल, कारण या बाबतीत छापून येणारा सल्ला सर्वांत पोकळ असतो. ‘मांस नको’ असं सांगा, असं लेखांत असतं. मलय भाषेत त्यासाठी ‘तानपा दागिंग’ म्हणतात खरं, पण हॉटेलच्या व्यवहारात दागिंग म्हणजे गोमांस. तेवढंच वगळून कोंबडी आणि कोळंबी घातलेली प्लेट समोर येते, आणि देणाऱ्याने काही चूक केलेली नसते. ‘सायूर’ म्हणजे भाजी, म्हणून कांगकुंग ही पालेभाजी मागवावी, तर ती बहुधा बेलाचानमध्ये परतलेली. बेलाचान म्हणजे सुकवून, आंबवून, वडी केलेला जवळा. सांबल या लाल चटणीतही तोच. रोजाक या फळांच्या कोशिंबिरीवर ओततात तो काळा गोड रसही कोळंबीचा, आणि ‘आसाम लाक्सा’ या शेवयांच्या सूपमध्ये तर चिंचेच्या आंबट पाण्यात मासाच कुस्करलेला असतो. रोटी चनाईसोबतच्या वाटीत डाळ दिसते, पण न सांगितल्यास तिच्यावर माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा पळीभर घालायची पद्धत आहे. ‘डाल सहाजा’, म्हणजे फक्त डाळ, असं म्हणावं.

खात्रीचा मार्ग म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी. त्या ओळखायची खूण आपल्याला परकी नाही. पिवळ्या पाटीवर अनेकदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं. तिथे भात घ्यायचा आणि हव्या त्या भाज्यांकडे बोट दाखवायचं, पैसे वाढलेल्या भाज्यांवर ठरतात. जुन्या वळणाच्या जागी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची सोयच. पण पाटीवर ‘बदक’ आणि ‘कोंबडी’ लिहिलेलं दिसेल. ते सोयाबीन आणि गव्हातल्या चिवट प्रथिनाचं, म्हणजे ग्लुटेनचं असतं, चवीला इतकं हुबेहूब की अनेकांना घास गिळवत नाही. ते टाळून टोफू आणि भाज्या घ्याव्यात. अंडं चालत नसेल तर ‘तेलूर’ आहे का, हे तिथेही विचारावं.

एक योग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस पेनांगमध्ये नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भाविक ते दिवस शाकाहार पाळतात आणि रस्तोरस्ती पिवळ्या पताकांखाली शाकाहारी गाड्या लागतात. 2023 आणि 2024 मध्ये हे नऊ दिवस थेट आपल्या नवरात्रातच आले. 2025 मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने उत्सव महिनाभर पुढे गेला. आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये, त्यामुळे त्या वर्षी दोन्ही एखाद्या दिवसाच्या फरकाने पुन्हा जुळतात. तारीख दर वर्षी पाहूनच तिकीट काढावं.

नासी कांदार ही तमिळ मुसलमानांची देणगी. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी भात आणि कालवणं तिच्यातून फिरवून विकत. ताटात भात, त्यावर बोट दाखवाल ते, आणि वरून चार-पाच रश्श्यांचा मिसळून पूर. भेंडीला तिथेही ‘बेंडी’च म्हणतात. भात, भेंडी, कोबी, अंडं एवढ्यावर थांबलात तर बिल किरकोळ होतं. मोठी कोळंबी, खेकडा, माशाची गाबोळी यांचे दर मात्र कित्येकदा लिहिलेले नसतात आणि एकट्या कोळंबीने बिल तिप्पट होतं. ताटात पडण्याआधी ‘बेरापा?’ विचारावं. पडल्यावर विचारून उपयोग नाही.

हिंडण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणता येतो. जालान मस्जिद कपितान केलिंग या एकाच रस्त्यावर 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी देवी क्वान यिनचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद आहेत, आणि लगतच 1833 चं महामारीअम्मन मंदिर. सकाळी आठला चालायला लागलात तर उन्हं चढायच्या आत होतं. पाण्यावर खांबांवर उभ्या असलेल्या चिनी वस्त्या फुकट बघता येतात, फक्त त्या लोकांच्या राहत्या घरांच्या आहेत हे भान असावं. पेनांग हिलला 204 नंबरची बस जाते. बसमध्ये रोख देणार असाल तर नेमके सुटे हवेत, पेटीत टाकलेली नोट परत मिळत नाही. टेकडीवर शनिवार-रविवारी जाऊ नये. हॉटेलात परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रोज 10 रिंगिट पर्यटन कर असतो, तो बुकिंगच्या रकमेत धरला आहे का, हे आधी पाहावं. मलेशियातल्या प्रवेशाचं डिजिटल कार्ड तिथे पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत.

पुरवणीत किल्ल्याच्या छायाचित्राला अर्धं पान जातं. त्यातला पाव भाग पदार्थात काय दडलेलं असतं याच्या चौकटीला दिलात, तर वाचक कापून पाकिटात ठेवतील.

गोडाचं राहिलं. चेंदोल निर्धास्त खावा. पंदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया, नारळाचं दूध, राजमा, किसलेला बर्फ आणि गुला मलाका. हा गुला म्हणजे गोव्या-कोकणातला माडाचा गूळच. दुरियन, म्हणजे उग्र वासाचं काटेरी फळ, खायचा असेल तर जून-जुलैत, आणि फोडण्याआधी किलोचा दर विचारून. वजन सालीसकट होतं, गर हाती त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच लागतो, आणि उरलेला हॉटेलात नेता येत नाही. दारावरच पाटी असते.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)