ओहोटीला दिसणारी शिळा

प्रिय मंजू,

काल शेवटी टोरीबर्नला जाऊन आले. स्कॉटलंडच्या फाइफ भागातलं खाडीकाठचं लहानसं गाव. ओहोटीची वेळ बघूनच निघाले होते, कारण मला बघायची होती ती शिळा भरतीला पाण्याखाली जाते. बुटांत चिखल शिरला, पण सापडली. मोठी, सपाट, शेवाळाने माखलेली. १७०४ साली तिच्याखाली लिलिअस एडी नावाच्या म्हातारीला पुरलं.

चेटकीण म्हणून धरलेली. कोठडीतच गेली, म्हणून जाळायची राहिली. सैतान प्रेतात शिरून तिला पुन्हा उठवेल या धास्तीने वर एवढा धोंडा ठेवला, तोही धड जमीन नाही, धड समुद्र नाही अशा जागी.

तिचा जबाब वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणे सैतान तिला धान्याच्या शेतात भेटला, डोक्यावर टोपी, पाय गोऱ्ह्यासारखे दुभंगलेल्या खुरांचे. मंजू, तिचा सैतानसुद्धा गोठ्यातूनच आला गं! १६६२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच ऑल्डर्न गावच्या इसोबेल गाउडीनेही चेटकिणीच्या कबुलीजबाबात असंच सांगितलं होतं: सैतानाच्या नांगराला बेडूक जुंपलेले, दोर हरळीसारख्या गवताचे, फाळ मेंढ्याच्या शिंगाचा. जिला पीक बुडण्याची भीती आयुष्यभर पुरली, तिलाच असला नांगर सुचणार.

स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ चेटकाविरुद्धचा कायदा होता. जवळजवळ ४००० माणसांवर आरोप झाले, बहुतेक बायकाच. कबुलीसाठी रात्र रात्र झोपू द्यायचे नाहीत. अशात माणूस काय वाटेल ते कबूल करेल.

आणि सोबतिणींची नावं विचारली तेव्हा लिलिअस काय म्हणाली असेल? बाकीच्या बायका बड्या घरच्या बायकांसारखे मुखवटे घालून येत, त्यामुळे ओळखता आल्या नाहीत! फारशी नवी नावं तिने दिलीच नाहीत. मला तर ती शेजारणींना पाठीशी घालत होती असंच वाटतं. त्या अवस्थेत एवढं सुचणं, मंजू! त्या चिखलात उभी राहून मला रडू आलं.

पुढे एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी थडगं उकरलं, हाडं नेली. कवटी हरवली, पण तिचे फोटो उरले. त्यांवरून २०१७ मध्ये डंडी विद्यापीठात तिचा चेहरा घडवला. सुरकुतलेला, मवाळ, आपल्या ओळखीतल्या कुणा आजीचा वाटावा असा.

पाणी चढायला लागलं तशी निघाले. शिळेचा फोटो आणि तो चेहरा, दोन्ही पाठवते. आधी चेहरा बघ.

तुझीच,
वैशू