कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट एकाचा, तपासणी घराची

महोदय,

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की तर्री-पोहे, सावजी आणि तेल यांवर भरपूर लिहून येते. त्यात चूक काही नसते. पण त्यामुळे नागपुरात एक समज पक्का बसला आहे: कोलेस्टेरॉल वाढले म्हणजे खाण्यातच काहीतरी बिघडले. मग पस्तिशीतला सडपातळ माणूस एलडीएल (‘वाईट’ म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल) २४०चा रिपोर्ट पाहून तूप सोडतो, तीन महिन्यांनी आकडा २२०वर दिसला की हिरमुसतो आणि पुन्हा तपासायचेच सोडून देतो. त्याच्या ताटात दोष नसतो, तो बहुधा जनुकात असतो.

रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते. एलडीएल रक्तातून उचलण्याचे काम मुख्यतः यकृताचे. यकृताच्या पेशीवरचा रिसेप्टर एलडीएलचा कण धरून आत नेतो, तिथे सोडतो आणि पुढच्या खेपेसाठी परत वर येतो. या रिसेप्टरचे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. एक प्रत आईची, एक वडिलांची. एक प्रत निकामी असली की उचलणारे हात निम्मे होतात आणि एलडीएल जन्मापासूनच चढे राहते. याचे नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेले चढे कोलेस्टेरॉल. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल याच रिसेप्टरवरील कामासाठी मिळाले. जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. २०११च्या जनगणनेतल्या नागपूरच्या २४ लाख लोकांना तोच हिशेब लावला तर आठ ते साडेनऊ हजार माणसे होतात. त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ता नसणार.

विदर्भाला ही गोष्ट समजावणे खरे तर सोपे आहे, कारण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे घरोघरी माहीत आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे गणित लोकांना पाठ आहे. फरक एकच, पण मोठा. सिकलसेलचा वाहक सहसा ठणठणीत असतो. इथे एकच प्रत बिघडलेला माणूस स्वतःच रुग्ण असतो आणि त्याच्या प्रत्येक भावंडाला, प्रत्येक मुलाला तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाचे एलडीएल ४००-५००च्या पुढे जाते आणि हृदयविकार शाळेच्या वयातही गाठू शकतो. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

संशय कधी घ्यायचा? प्रौढाचे एलडीएल औषधाविना १९० किंवा त्याहून जास्त, किंवा घरात पुरुषाला वयाच्या ५५च्या आत, बाईला ६०च्या आत हृदयविकाराचा झटका आलेला असेल आणि तिच्या किंवा त्याच्या मुलाचे एलडीएल १६०च्या वर असेल तेव्हा. टाचेमागची जाड नस (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चिमटीत धरून पाहा. ती जाडसर, गाठाळ लागली किंवा हाताच्या बोटांच्या नसांवर गाठी असतील तर निदान जवळपास पक्केच. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरके कडे दिसणे हीही खूण. पापणीवरचे पिवळे चट्टे मात्र इतरांनाही येतात.

रिपोर्ट वाचताना लोक तीन ठिकाणी फसतात. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा हिस्सा वजा. एकूण ३१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १४० असेल तर ३१० वजा ४२ वजा २८, म्हणजे २४०. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की हा हिशेब कोलमडतो. तेव्हा थेट मोजलेले एलडीएल मागावे. दुसरे, गोळी चालू असताना दिसणारे ११० फसवे असते. पूर्ण डोसच्या स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, एलडीएल साधारण निम्मे होते, म्हणजे मूळ आकडा २२०च्या आसपास असणार. जुना, गोळीआधीचा रिपोर्ट शोधून डॉक्टरांना दाखवा. तिसरे, थायरॉइड मंदावले किंवा लघवीतून प्रथिने जात असली तरी एलडीएल चढते. जनुकाला दोष देण्यापूर्वी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि लघवी तपासलीच पाहिजे.

लवकर शोधण्याचा आग्रह का, याचे उत्तरही जनुकांनीच दिले आहे. पीसीएसके९ हे प्रथिन त्या रिसेप्टरला परत वर येऊ न देता नष्ट करवते. काहींमध्ये या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बंद असते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचे एलडीएल केवळ २८ टक्के कमी होते, पण हृदयविकार ८८ टक्के कमी. उतारवयात गोळीने एलडीएल ४० मिलिग्रॅमने उतरवले तर पाचेक वर्षांत धोका जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. आकडा किती यापेक्षा तो किती वर्षे तसा राहिला, हे धमनीला जास्त कळते.

आणखी एक तपासणी: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण. हे जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी पुरते. २०२४च्या भारतीय हृदयरोग तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर धोका. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे हद्द १२५ आहे, तेव्हा एकक पाहिल्याशिवाय घाबरू नये. पथ्याने, फिरण्याने किंवा स्टॅटिनने हे उतरत नाही. मग उरलेले सगळे उतरवायचे: एलडीएल, रक्तदाब, आणि खर्रा पूर्ण बंद.

महागड्या जनुकीय चाचणीवाचून उपचार अडत नाही. ती निर्दोष आली म्हणून गोळी सोडू नये. बऱ्याच जणांत एका मोठ्या दोषाऐवजी अनेक छोटे बदल मिळून एलडीएल चढवतात. मूल हवे असलेल्या स्त्रीने मात्र स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शहरातल्या रुग्णालयांना एक विनंती. तरुण वयात झटका आलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर आहार आणि औषधांखाली एक ओळ छापावी: ‘भाऊ, बहीण, मुले – एलडीएल तपासले का? तारीख व आकडा.’ पुढच्या भेटीला ती रिकामी दिसली की डॉक्टरांनी विचारावे.

– पॅथॉलॉजीचे एक निवृत्त अध्यापक, नागपूर