खाऱ्या पाण्याची टाकी घेताय? आधी थोडं शिका

संपादक महोदय,

निमो (सिनेमातला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश) हवा म्हणून मुलं हट्ट धरतात आणि पालक त्याच दिवशी टाकी, मीठ, मासा सगळं एकदम घेऊन येतात, हे थांबायला हवं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून त्यांनाच विषारी असलेला अमोनिया साठतो, त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर मासा टाकूच नका, प्लीज! पाणी उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालताना गोडं आरओचंच पाणी घाला, खारटपणा १.०२५च्या (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) आसपास ठेवा, आणि टाकी जितकी छोटी तितकं हे बिघडतं लवकर. किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ तर आणूच नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. दुकानदारांनी एवढं तरी गिऱ्हाईकाला सांगावं.

– एक मत्स्यप्रेमी वाचक, ठाणे