नावावर गुंठाभर जागा नाही, त्याने हरकत कशावर घ्यायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगरपरिषदेसमोर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, गेली अकरा वर्षं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तालुक्याच्या कुठल्याही गावी गेलात तरी हेच बघायला मिळेल. प्रशासक असतानाच आमच्या शहराचा सुधारित विकास आराखडा, म्हणजे डीपी, प्रसिद्ध झाला. पुढच्या वीस वर्षांत रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, मैदान कुठे, बाजार कुठे, अगदी स्मशानभूमी सुद्धा, सगळं त्या एका नकाशात असतं. हरकती-सूचनांना ३० दिवस. नकाशा लावला होता जन्म-मृत्यू दाखल्याच्या खिडकीशेजारी, पाण्याच्या कूलरच्या मागे, कुठला रंग कशाचा ती यादी इंग्रजीत आणि अक्षरं इतकी बारीक की लोक मोबाईलवर फोटो काढून माझ्याकडे यायचे, ताई जरा मोठं करून सांगा ना आमचं घर कुठल्या रंगात आलंय.

त्या महिन्यात मी दोनशेच्या वर हरकती टाईप केल्या, रात्री साडेदहापर्यंत दुकान उघडं असायचं. जवळजवळ प्रत्येक अर्ज एकाच साच्यातला. "माझ्या मालकीच्या गट नंबर अमुक मधून जाणारा १२ मीटर रस्ता रद्द करावा", "माझ्या मिळकतीवरील आरक्षण उठवावे" (आरक्षण म्हणजे सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं), सोबत सातबारा, झोन दाखला, भाग नकाशा. त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही, ज्याच्या गुंठ्यांतून रस्ता जातो त्याची झोप उडणारच, माझ्या चुलत सासऱ्यांचाही अर्ज त्यातच होता. पण पोरांना खेळायला मैदान हवं, शाळेच्या रस्त्याला फुटपाथ हवा, बाजाराला छप्पर हवं असं म्हणणारे अर्ज किती आले? माझ्याकडे तरी मोजून चार.

त्यातला एक कसा आला ते सांगते. गुरुवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत. बाजारतळावर शॉपिंग सेंटरचं आरक्षण टाकलंय असं त्यांच्या कानावर आलं, म्हणून विचारायला आल्या. मी म्हटलं मावशी, अर्ज करूया. तर म्हणाल्या, "अगं पोरी, माझ्या नावावर गुंठाभर जागा नाही, मी हरकत कशावर घेऊ?" मी सांगितलं की कायद्यात मालकच पाहिजे असं कुठेही नाही, कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी धंदा बुडवून चार तास बसल्या, दहा-दहा जणांना एकदम आत घेत होते, आणि यांचा नंबर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर मिळकत नंबर सांगा. तो रकाना रिकामाच होता. दोन मिनिटांत बाहेर आल्या आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर पाणी पीत बसल्या, काही बोलल्या नाहीत.

म्हणजे आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो त्यात गावातले भाडेकरू नाहीत, फेरीवाले नाहीत, शाळेतली पोरं नाहीत, आणि बायका तर जवळपास नाहीतच, कारण सातबाऱ्यावर त्यांची नावं असतात कुठे. उरतात फक्त ज्यांचं काहीतरी जाणार आहे ते, आणि तेही घाबरून आलेले.

याचं मूळ आहे ते कधी विचारलं जातं त्यात. १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातला क्रम असा की आधी आराखडा करायचा इरादा जाहीर करायचा, मग सध्याच्या जमीन वापराची पाहणी, मग प्रारूप नकाशा, मग हरकती. इरादा जाहीर करतानाही लोकांच्या सूचना मागवायच्या असतात बरं का, ते कायद्यातच आहे. पण ती जाहिरात पेपरच्या कोपऱ्यात येऊन गेली आणि त्या वेळी एकही माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, कारण कोणाला पत्ताच नव्हता. खरी बोलायची वेळ ती होती, कागद कोरा होता. एकदा रंग भरून झाले की मग सूचना ही सूचना राहत नाही, भांडणच होतं.

मोठ्या शहरांत तरी काय वेगळं झालं. मुंबईचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला, नवीन करून मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. पुण्याचा आराखडा २००७ ते २०२७ चा, प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये, हरकती आल्या ८७ हजारांच्या आसपास, शेवटी राज्य सरकारने तो ताब्यात घेतला आणि मंजुरी २०१७ मध्ये, म्हणजे वीसातली दहा वर्षं मंजुरीतच गेली. आधी लोकांत बसून केलं तर वेळ जातो असं अधिकारी सांगतात, मग हा वेळ कुठे गेला?

आणि मंजूर झाल्यावरही कोणाला माहीत नसतं. आमच्या गल्लीच्या मागे जुन्या आराखड्यात मैदानाचं आरक्षण होतं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण जातं. तसंच गेलं. आज तिथे रो हाऊस आहेत. मालकाने कायद्याने जे करता येतं तेच केलं, पण गल्लीतल्या एकाला जरी माहीत असतं की ही जागा आपल्या पोरांसाठी राखून ठेवलीय, तर नगरपरिषदेच्या मागे लागलो असतो ना आम्ही. माझा मुलगा आजही बँकेच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतो, वॉचमनने हाकलेपर्यंत.

माझं माहेर ग्रामपंचायतीचं गाव आहे. तिथे "आमचा गाव आमचा विकास" चा आराखडा करताना आधी महिला सभा, मग ग्रामसभा. सगळं नीट होतं असं नाही, कोरम नसताना सह्या घेतात, ते मलाही माहितीय. पण माझ्या आईने उभं राहून सांगितलं होतं की पाण्याची टाकी वरच्या आळीला घ्या, खाली बांधली तर आम्हाला पाणी चढणार नाही, आणि टाकी वर झाली. आई सातवी शिकलेली. मी बीकॉम होऊन लग्न करून शहरात आले आणि मला उभं राहून बोलायला एक जागा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीतली वॉर्ड समितीची सक्ती तीन लाखांच्या वरच्या शहरांना आहे, आम्ही त्यात बसत नाही. केरळात १९९६ पासून लोकांना विचारून योजना करायची चळवळ झाली, तिथे छोट्या शहरांत सुद्धा वॉर्ड सभा आहे. आपल्या राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेचा, म्हणजे शहरातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेचा कायदा केला, पण आमच्याकडे क्षेत्रसभा म्हणजे काय हेच लोकांना मला समजावून सांगावं लागतं.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता नगरसेवक आलेत. आराखड्याला अजून शासनाची अंतिम मंजुरी नाही. तोपर्यंत प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागापुरता नकाशा, मराठीत, वाचता येईल एवढा मोठा, झेडपी शाळेच्या भिंतीवर लावावा आणि रविवारी संध्याकाळी लोकांना बोलवून तिथेच सभा घ्यावी. गुरुवारी नको, गुरुवारी मावशी बाजारात असतात. पुढच्या वेळी मात्र हे पाहणी सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे. खर्च होतो म्हणत असतील तर नगरपरिषदेने फक्त फाईल द्यावी, सगळ्या प्रभागांचे मोठे प्रिंट मी माझ्या दुकानातून फुकट काढून देते.

आपली नम्र,
एक वाचक