'राखेचं सिमेंट' म्हणून हिणवू नका

मा. संपादक,
स. न.

सिमेंट उद्योगातल्या ऊर्जाबचतीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज, कोळशाऐवजी कचरा, सौर पॅनेल, सगळं आलं. चुनखडीचं मात्र नावही नाही. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, म्हणून राहवत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. भट्टीत काहीही जाळा, हा वायू दगडातूनच सुटतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच आहे. तेव्हा क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी लागेल असं सिमेंट वापरायला हवं. ते वापरलं जातं की नाही, हे ठरतं बांधकामावर.

गेल्या एप्रिलात मी घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला. पीपीसीच, म्हणजे क्लिंकरचा काही भाग वगळून औष्णिक केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंटच आणायचं, असं आधीच बजावलं होतं. ठेकेदार म्हणाला, "सर, ते राखेचं सिमेंट. उद्या स्लॅब गळला तर मला बोलायचं नाही." घरच्यांनीही त्याचीच री ओढली आणि दारात ५३ ग्रेडच्या ओपीसीच्या, म्हणजे बिनराखेच्या साध्या सिमेंटच्या गोण्या उतरल्या. खरं कारण चार दिवसांनी कळलं. स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याला खालून आधार देणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या होत्या, त्या लवकर सोडवून दुसऱ्या कामावर न्यायच्या होत्या. पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, एवढाच त्याचा गुन्हा. शिवाय माल पातळ व्हावा म्हणून मिस्त्री मिक्सरमध्ये पाणी ओतत होता आणि भरपाई म्हणून वर जादा सिमेंट पडत होतं. कारखान्याने युनिट-युनिट वाचवायचं आणि इथे गोण्याच्या गोण्या अशा जायच्या, याचा मला मनस्वी संताप येतो.

राख काही लांबून आणायची नाही. फताटेवाडीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे. भारतीय मानकानुसार पीपीसीत ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसतरा किलोपर्यंत. नीट पाणी मारलं तर असं काँक्रीट महिनोन्महिने घट्ट होत जातं आणि त्यातून पाणी कमीच झिरपतं.

पण पाणी मारायचं कुठून? अशा काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवा, असं मानक सांगतं. सोलापूरच्या उन्हात साध्या सिमेंटलाही तेवढे दिवस हवेतच. आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड! उजनी भरली तरी आमच्या नळाला फरक पडत नाही. मी टँकर मागवला, गोणपाट अंथरले, भर दुपारी जिन्यावरून बादल्या नेल्या. ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवसापासून फिरकला नाही. स्लॅबला केसाएवढ्या भेगा पडल्याच, आणि त्या बुजवायला पुन्हा सिमेंटच आणावं लागलं.

लेखाचा पुढचा भाग निघणार असेल तर लेखकाने स्लॅबच्या दिवशी एखाद्या साइटवर उभं राहून तो लिहावा, ही कळकळीची विनंती. दिवाळीनंतर मी कंपाउंडची भिंत काढणार आहे. त्याआधी पीपीसीबद्दल आणि पाणी मारण्याबद्दल चार ओळी छापल्यात, तर ते कात्रण ठेकेदाराच्या हातात ठेवूनच मी कामाला सुरुवात करीन.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर